चार जादा अध्याय

यजमान गेल्यानंतरच्या सहा वर्षांत मी गावातल्या वाचनालयातून एकशे बारा पुस्तकं आणली. त्यातली एकोणऐंशी गुन्ह्यांची. मी अणदूरच्या शाळेत गणित शिकवते. असले आकडे मला मुद्दाम ठेवावे लागत नाहीत, ते राहतात. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. घरात चार खोल्या आहेत आणि एका वेळी एकाच खोलीत दिवा लागतो.

सुरुवातीला हातात येईल ते वाचायचे. मग लक्षात आलं, तपास करणारी बाई असली की पुस्तक दोन दिवसांत संपतं, पुरुष असला की चार दिवस लागतात. त्या बाया एकट्या राहतात, स्वतःच कुलूप उघडून घरात येतात, उभ्या उभ्या काहीतरी खातात आणि कामाला लागतात. त्यांच्याबद्दल कुणी हळहळत नाही. पुढं चोऱ्या करणाऱ्या विधवांच्या कादंबऱ्या मिळाल्या, त्या तर फारच आवडल्या. असल्या पुस्तकांत गणिताच्या चुका ढिगानं असतात, पण एक गोष्ट लेखक बरोबर लिहितात. विधवेकडं कुणी निरखून बघत नाही. बँकेत, लग्नात, बसस्टँडवर ती उभी असते आणि नंतर कुणालाच सांगता येत नाही की ती तिथं होती.

आमच्या शेजारी किराणा-भुसार मालाचं दुकान होतं. दुकानदाराच्या आईला सगळं गाव अव्वा म्हणायचं. वय अठ्ठ्याहत्तर. घरात कानडी, ओट्यावर मराठी. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला पोथी वाचून दाखवायला बोलावलं. शाळा सुटल्यावर साडेपाचला मी जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. असा एक महिना गेला. एकदा त्यांचा हात माझ्या पिशवीला लागला.

"ह्यात काय हाय? वह्या?"

"कादंबरी आहे, अव्वा. चोरीची."

"कोण चोर?"

"एक बाई."

"वाच की मग. पोथीतल्या बाया मला पाठ हायत."

त्यानंतर पोथी उघडली नाही, पण पोथीचे नियम तसेच राहिले. हातपाय धुवून बसायचं. पुस्तक पाटावर ठेवायचं. दिवा लावायचा. अध्याय अर्धा सोडायचा नाही. कादंबरीच्या प्रकरणालाही अव्वा अध्यायच म्हणायच्या. मी पुस्तकांना खाकी कव्हर घालते, शाळेची सवय. त्यामुळे मुखपृष्ठावरची पिस्तूल घेतलेली बाई आत झाकली जायची. दुकानातून चहाला आलेला त्यांचा मुलगा पाटाला लांबूनच हात जोडायचा. ही पोथी आहे असं मी त्याला कधीच म्हणाले नाही. नाही असंही म्हणाले नाही. त्याची टोचणी होती.

शेवटचं पुस्तक आम्ही गेल्या दिवाळीनंतर सुरू केलं. चोवीस अध्याय. तीन विधवा एका जवाहिऱ्याच्या तळघरातून दागिने पळवतात आणि एक बाई फौजदार त्यांच्या मागावर असते. मी फौजदाराच्या बाजूनं, अव्वा चोरांच्या. सहाव्या अध्यायात एक विधवा सोन्यानं भरलेली घागर कमरेवर घेऊन पोलिसांसमोरून निघून जाते.

मी थांबले. "अव्वा, हे जमणार नाही. दहा लिटरची घागर सोन्यानं गच्च भरली तर एकशे नव्वद किलो होते. दागिन्यांत पोकळी असते म्हणून निम्मं धरलं तरी पंच्याण्णव."

"माझी सासू ज्वारीचं पोतं उचलायची. शंभराचं."

"कमरेवर?"

"तुझं गणित तिला शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून उचलायची. फुडं वाच."

माझ्या चुका काढण्याला उत्तर देणारं माणूस मला त्या घरातच मिळालं होतं. यजमान ऐकून घ्यायचे. अव्वा भांडायच्या.

नववा अध्याय संपला त्या दिवशी मुलगा चप्पल बाहेर काढून आमच्यासमोर येऊन बसला. "बाई, सोलापुरात दुकान घेतलंय. वर राहायला जागा हाय. आता सगळ्यांनी तिकडंच जायचं ठरलंय." मग पाटाकडं बघून म्हणाला, "किती अध्याय राहिले?"

"पंधरा."

"मग समाप्ती झाली की निघू. पोथी अर्धी टाकून घर सोडू नये. पंधरा दिवसांनी काय बिघडतंय?"

मी घरी आले, भात टाकला आणि तो करपला. एका दिवसाला एक अध्याय, पंधरा अध्याय, पंधरा दिवस. इतका सोपा भागाकार मी कधी केला नव्हता. मग सुचलं की भाज्य वाढवता येतो.

रविवारी सुट्टी घ्यायचा विचार केला, पण अव्वांना रविवारचंही वाचन लागायचं. अर्धा अध्याय नियमात बसत नव्हता. म्हणून तेराव्या अध्यायानंतर मी पान उलटल्याचा आवाज केला आणि पुस्तकात नसलेला अध्याय सांगितला. आदल्या रात्री वहीत लिहून पाठ केला होता. आयुष्यात मी कॉपी केली नाही आणि मुलांनाही करू दिली नाही. त्या दिवशी माझा आवाज एकदाही अडखळला नाही, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

दोन दिवसांनी दुसरा जादा अध्याय. मग तिसरा. अव्वा ऐकायच्या, मधे काही म्हणायच्या नाहीत. मला वाटलं, जमलं. घरात पोती शिवली जात होती, भांडी खोक्यांत जात होती. मुलगा रोज विचारायचा, "किती राहिले?" आणि मी बिनदिक्कत चुकीचा आकडा सांगायचे.

चौथा जादा अध्याय. तिघी विधवा सोनं लपवायला बसनं निघतात. मी अर्ध्यावर आले होते.

"साकु," अव्वा म्हणाल्या. कानडीत साकु म्हणजे पुरे. अध्यायाच्या मधे हा शब्द त्यांनी दोन वर्षांत कधी वापरला नव्हता.

"हा अध्याय पुस्तकातला न्हाय. तुझा हाय."

मी पुस्तकातून बोट काढलं.

"ह्यात एस.टी. वेळेवर आली. कंडक्टरनं सुट्टे दिले. बायांनी बसायच्या आधी सामान मोजलं, भरलं तेवढंच निघालं. मंगळवारीबी असंच झालं. कुणी खोटं बोललं न्हाय, कुणाला कुणी मारलं न्हाय. पोलीस दारात असताना त्या बाया भाजी निवडत बसल्या. चोरी करून निघालेल्या बाया अशा असत्यात व्हय गं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. "किती अध्याय ओळखले?"

"चार. पैला चांगला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"मलाबी चार दिवस मिळाले की." त्यांनी हात पुढं करून पाटावरचं पुस्तक चाचपलं आणि मिटलं. "पण आता माझी गादीबी बांधलीया. चटईवर निजते मी. बांधलेल्या घरात राहायला होत न्हाय, बाई. आन् पोराचं तिकडं दुकान उघडायचं थांबलंय, माज्या देवभक्तीपायी."

"तुम्हाला जायचंय का?"

"हे तू पैल्या दिवशी विचारायचं होतंस. न्हाय जायचं. तिथं जिना हाय, मला जिना ठावा न्हाय. इथं मी विहिरीपतुर मोजून जाते, बेचाळीस पावलं." मग म्हणाल्या, "आपला खंडोबाबी दरसाल दोन महिने इथलं देऊळ सोडून नळदुर्गाला जाऊन राहतोच की."

"तो परत कधी येणार ह्याचा दोन्ही गावांत करार लिहून जातो, अव्वा. परत येतो."

त्यांनी मिटलेलं पुस्तक माझ्याकडं सरकवलं. दोन वर्षांत त्यांच्याशी भांडताना मी जिंकले ते त्याच दिवशी. जिंकायला नको होतं.

उरलेले पाच अध्याय मी पाच दिवसांत वाचले, जसे छापले होते तसे. समाप्तीला मुलानं दुकान लवकर बंद केलं. पुरणपोळी केली होती, पाटापुढं नारळ आणि फुलं ठेवली होती. समाप्तीला घरच्यांनी बसायचं असतं, म्हणून तोही हात जोडून बसला, सूनबाईही बसली. मी अव्वांच्या कानाशी म्हणाले, "खरं सांगून टाकते."

"वाच. वाचलं की कळतंयच."

मी वाचायला लागले. फौजदार बाईनं दाराला लाथ घातली. आतल्या विधवेनं खिडकीतून उडी मारली. दोन पानं झाली. मुलाचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

"बाई, ह्यात देव कुठं हाय?"

"शेवटी येतो," अव्वा म्हणाल्या. "गप ऐक."

सूनबाईनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते. मग तिला राहवलं नाही. "अहो, ऐका की. घागर कुठं पुरलीय ते आज कळणार हाय." ती सगळे अध्याय स्वयंपाकघरातून ऐकत आली होती, माझेही.

मुलगा माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणाले, "माझी चूक आहे. मी सांगायला हवं होतं." त्यानं नारळ उचलला, फिरवून बघितला आणि म्हणाला, "आणलाय तर फोडतो." घागर सापडली नाही. तिघींपैकी दोघी सुटल्या. अव्वांनी खोबऱ्याचा तुकडा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो निघाला. अव्वा पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. मी कुठं उभी आहे ते त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी "अव्वा" अशी हाक मारली. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, पण तोवर टेम्पो वळला होता.

त्यानंतर मी तीन वेळा सोलापूरला गेले, रविवारी. पहिल्यांदा आम्ही दोन अध्याय वाचले. वर टीव्ही चालू असतो, मला ओरडून वाचावं लागलं. दुसऱ्यांदा पाहुणे होते, चहा झाला, पुस्तक पिशवीतच राहिलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा अव्वा झोपल्या होत्या. सूनबाई म्हणाली, "उठवू का, बाई? हल्ली दिवसाच झोपत्यात." मी नको म्हणाले.

पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसले. जाऊन हातपाय धुवून आले. पुस्तक मांडीवर उघडलं आणि पुढचा अध्याय मनातच वाचायला लागले. सातव्या पानावर तपास करणारी बाई एका तासात तीन गावं पायी फिरते. गावांमधलं अंतर लेखकानं स्वतःच आधी दिलं होतं, सगळं मिळून बावीस किलोमीटर.

"अव्वा, हे जमणार नाही," मी म्हणाले आणि वर बघितलं. त्यांचा श्वास संथ चालला होता. मी थोडा वेळ थांबले. मग पान उलटलं.