पोरापोराचा उतारा

चहा खाली ठेवा आधी. हे ऐकताना एका मित्राला असा ठसका लागला होता की सगळा चहा त्याच्या धोतरावर, आणि धुलाईचे पैसे मागायला तो माझ्याच दारात. फजिती माझीच आहे बरं का, अस्सल. दुसऱ्या कुणाची उसनी आणलेली नाही.

मी तेव्हा कोवळा मास्तर होतो. ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, डोक्यावर काळी टोपी, आणि टोपीखाली जगातली सगळी अक्कल. बोर्डानं मला पोशीरच्या पुढे, नदीपलीकडच्या एका वाडीवर नेमलं. शाळा म्हणजे देवळाला लागून असलेली कुडाची पडवी. वाडीत पोरं उदंड, पण शाळेत बघावं तर चारदोन डोकी. भाताची झोडणी उरकली की पोरं निघाली गुरांमागे नाहीतर रानात लाकडाला. पटावर नावं भरपूर होती, पडवीत पोरं नव्हती.

आणि अशातच निरोप आला, उद्या डिपोटीसाहेब तपासणीला येणार. त्यांचं काम सरळ होतं. किती पोरं येतात ते मोजायचं, आलेल्यांना वाचता येतं का ते बघायचं, आणि दोन्हीकडे बोंब असली तर शाळा उठवायची. आधीच्या तपासणीला त्यांनी तसं बजावून ठेवलं होतं.

शाळा उठली तर माझं काय, बदली झाली असती. पण सखूचं काय? चांगुणाबाईची सखू माझ्याकडे तिसरीचं पुस्तक घडाघडा वाचायची. पुढची शाळा पोशीरला, मध्ये नदी, आणि चांगुणाबाईनं मला साफ सांगितलं होतं, "पानी वलांडून पोरीला नाय धाडनार." म्हणजे शाळा मिटली की सखूचं पुस्तक मिटलं. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

मी तडक पाटलांकडे गेलो. गोमा पाटील म्हणजे वाडीचा कारभारी, त्यांनी शब्द टाकला की माणूस हलायचा.

"पाटील, उद्या साहेब येणार. पोरापोराचा उतारा होणार. एकूण एक पोर हजर पाहिजे."

आता सांगा, यात माझं काय चुकलं? वाचनाचा उतारा, पुस्तकातला धडा हो. कॉलेजात आम्ही दिवसातून दहादा तो शब्द वापरायचो.

पाटलांनी तंबाखू मळायची थांबवली. "उतारा? सोता सायब करनार?"

"मग? त्यांचं कामच ते. दिवसात दोन दोन गावं उरकतात."

"आनि कुनाचं पोर आजारी असंल तं?"

"त्याला तर आधी आणा. आजारी आहे म्हणून घरात ठेवलेलं मला चालायचं नाही."

"बरं. मोठ्या मान्सांचं बी करतील काय?"

मला वाटलं पाटील चेष्टा करतायत. मीही म्हटलं, "आणा की. शिकायला वय कशाला लागतं?"

"आनि सामान?"

मी म्हटलं, पाटी-पुस्तकाचं विचारतात. "ज्याचं त्यानं आणायचं. साहेब कुणाला काही देत नाहीत."

पाटील माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी देवाची पालखीच वाडीवर आणली होती. मी घरी येऊन शांत झोपलो. एवढा हुशार मास्तर बोर्डाला मिळाला कसा, याचंच मला नवल वाटत होतं.

सकाळी पडवीत पाय ठेवायला जागा नाही. कधी तोंड न बघितलेली पोरं, कडेवरची, पाळण्यातली, तापानं लाल झालेली, खरूज झालेली. आयांनी डोक्याला तेल थापून आणलेली. साहेब बैलगाडीतून उतरले आणि बघतच राहिले.

"मास्तर, हे सगळे आपले विद्यार्थी?"

"आपलेच साहेब. गोडी लागली की पोरं येतात." असं बोललो मी. छाती अशी फुगली होती की कोटाचं बटण तेवढं तुटायचं बाकी होतं.

पहिली सखूच उभी राहिली. साहेबांनी पुस्तक उघडून दिलं, "हा घे उतारा. वाच." पोरीनं वाचायला सुरुवात केली, खणखणीत. आणि चांगुणाबाई पुढे झाली. हातात नारळ, वर लिंबू. पोरगी वाचतेय आणि ही तो नारळ तिच्यावरून खालीवर फिरवतेय. वाचून झालं तसा नारळ साहेबांच्या पायाशी ठेवला आणि मागं न बघता जाऊन बसली.

"मास्तर, हे काय?"

इथं शहाणा माणूस म्हणाला असता, मला ठाऊक नाही. पण ठाऊक नाही हे वाक्य मला कॉलेजात कुणी शिकवलंच नव्हतं.

"साहेब, इथली रीत आहे. पोर वाचायला लागलं की आई ओवाळते. विद्येचा मान."

साहेबांचे डोळे पाणावले हो. म्हणाले, एवढी वर्षं तपासण्या करतोय, कर्जत-खालापुरात विद्येचा असा मान कुठं बघितला नाही. पुढचं पोर अडखळलं तरी साहेब म्हणाले, "शाब्बास." आई नारळ फिरवत असताना कुणाचं धैर्य होईल नापास करायचं? नारळ, लिंबं, दहीभाताचे द्रोण, एक काळी कोंबडी, साहेबांच्या पायाशी ढीग वाढत चालला.

मग रांगेत पाटलांचे म्हातारे वडील आले, छातीला हात लावून खोकत. साहेबांनी त्यांच्याही हातात पुस्तक दिलं.

"मला नाय येत," म्हातारा म्हणाला. "तुमीच म्हना, सायब. मी उभा ऱ्हातो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, जणू हीही इथली रीतच. आणि खरं सांगतो, साहेबांनी तो 'शेतकरी व त्याचे बैल' असा काहीसा धडा मोठ्यानं म्हटला, पाटलांनी वडिलांवरून नारळ फिरवला, आणि म्हातारा खोकायचा थांबला. पडवीतून "हाऽऽ" असा आवाज उठला. मागून एक बाई दूध न देणारी म्हैस पुढे ढकलायला लागली, तेव्हा मीच सांगितलं, बाई, ती पटावर नाही.

शेवटी साहेब उठले आणि जाहीर केलं, शाळा राहील. मला तर पाटलांना मिठी मारावीशी वाटली. सखूकडे बघितलं तर ती पुस्तक छातीशी धरून हसत होती. त्या आनंदाच्या भरात मी ढिगातला वरचा नारळ उचलला, पायरीवर फोडला, एक तुकडा साहेबांना दिला आणि मोठा तुकडा स्वतः तोंडात टाकला.

सगळी पडवी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. बायकांनी पोरं पदराआड ओढली.

पाटलांनी माझी बाही धरून मला कोपऱ्यात नेलं. "मास्तर, तुमी खाल्लात?"

"मग? प्रसाद आहे."

"परसाद कसला वो, उतारा हाय त्यो. पोरांची इडापिडा उतरवून त्यात घातलेली. तिठ्यावर टाकायचा अस्तोय, कुनी हात बी लावीत नाय. खाईल त्याच्या अंगावर जाती सगळी."

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. तोंडात खोबरं, गिळता येईना, थुंकता येईना. थुंकलं तर साहेब विचारणार, साहेबांना कळलं तर विद्येचा मान गेला, आणि शाळा पुन्हा गोत्यात. मी गिळलं.

तेवढ्यात साहेबांची हाक आली, "मास्तर, खोबरं गोड आहे हो. आणखी एक फोडा."

काय करता? फोडला. साहेबांनी मिटक्या मारत खाल्ला, मीही त्यांच्या आग्रहाखातर खाल्ला. उरलेले नारळ त्यांनी गाडीत भरायला सांगितले, घरी वड्या करायला. अख्खी वाडी ते भरायला धावली. बायका पदर पसरून नमस्कार करत होत्या. सगळ्या गावाची पिडा एकट्यानं खाऊन वर घरी नेणारा सरकारी माणूस त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

आता मी शिकलेला माणूस. आरोग्यशास्त्र पाठ केलेला. असल्या भोळसट गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण मंडळी, संध्याकाळी माझ्या पोटात मुरडा आला. मग अंग तापलं. अंगाला खाज सुटली. आणि तुमचा विश्वास बसणार नाही, मी म्हाताऱ्यासारखा खोकायला लागलो.

सकाळी उजाडायच्या आत मी चांगुणाबाईच्या अंगणात.

"चांगुणाबाई, म्हणजे माझा यावर विश्वास नाही... पण तुमच्याकडे एखादा नारळ असेल तर जरा माझ्यावरून..."

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तोंडाला पदर लावला.

"उतरवीन की, मास्तर. नारळ बी हाय. पन खायाचा कुनी? सायब तं गेलं कर्जतला. आता फुडल्या तपासनीपत्तर कळ काढा."