चिमटाबाईची तिसरी पिशवी

त्या भागातल्या शेतकी खात्याची सगळ्यात मोठी अधिकारी एक बाई होती, आणि तिला लहानथोर सगळे चिमटाबाई म्हणायचे. का, तर तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, आणि त्याच्या टेबलावरचा एक बारीक चिमटा ही कायम पर्समध्ये घेऊन फिरायची. ओल्या फडक्यावर बियाण्याचे शंभर दाणे मांडायचे, कोंब फुटले की चिमट्याने एकेक उचलून मोजायचे, हा तिचा नाद. हाताखाली चाळीस माणसं, पण मोजायचं काम दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. नवरा म्हणायचा, हिला मी एवढा एकच दागिना दिला, तोही उसना.

तर त्या सोमवारी सकाळीच ऑफिसच्या दारात शेतकऱ्यांची ही गर्दी. बी पेरून दहा दिवस झाले आणि रान काळंच्या काळं. बाई तडक बियाण्याच्या गोदामात गेली. मालक बोलायला इतका गोड की लोकांनी त्याचं नावच गोडबोल्या पाडलेलं. त्याने खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. पोत्यांतून बी काढलं, त्याचे सारखे तीन वाटे केले, तीन पिशव्यांत भरले, लाख वितळवून वर खात्याचा शिक्का मारला. कामाची रीतच तशी. एक पिशवी तपासणीला, एक ऑफिसच्या कपाटात आणि एक खुद्द मालकाकडे, म्हणजे मागाहून कुणी बी बदललं म्हणायला नको. हमाल उभे राहून बघत होते. यंदा मालकाने आम्हालाही हेच बी बक्षीस दिलंय, असं त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. बाईने ते ऐकून ठेवलं.

गोदामाला तिने कुलूप घातलं. आत चार हजार पोती होती. ती बाहेर पडली असती तर आणखी कितीक गावांचं वर्ष मातीत गेलं असतं.

मंगळवारी तपासणीला निघालेली खात्याची जीप गोडबोल्याच्या हमालांनी पुलावर अडवली. ड्रायव्हरला अर्धा बाहेर ओढला, डोकं दाराच्या फटीत घातलं आणि दार आपटलं. एकदा नाही, तीनदा. मग जीप पेटवली. पहिली पिशवी तिथेच जळाली. ड्रायव्हर जगला, पण डावा कान कायमचा गेला.

बुधवारी तर उफराटंच झालं. ज्यांचं बी उगवलं नव्हतं तेच लोक ऑफिसवर चालून आले. बाई गोडबोल्याला सामील आहे असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. दगड आले, काचा आल्या. हेडक्लार्कचे दोन दात पडले. बाईच्या कपाळाची खोक डोळ्यात गळत होती, तरी तिने ते दात काचांतून चिमट्याने वेचले आणि रुमालात बांधून त्याला दिले. तो बोबडा म्हणाला, "बाई, हेही मोजून घ्या."

गुरुवारी भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, गोडबोल्याचे चौघे सळया घेऊन आले. पुढे रेडा, हमालांचा म्होरक्या, मान अशी की शर्टाचं बटण लागायचं नाही. शिपाई दार लावायला धावला तर त्याचा हात दारातच काडकन मोडला. बाई कपाटाला पाठ लावून उभी राहिली, किल्ली मुठीत. रेड्याने तिला केसाला धरून खाली पाडलं, मुठीवर बूट ठेवला आणि सगळा भार टाकला. दोन बोटं मोडली. ओरडली नाही असं नाही, चांगली ओरडली. मग खालूनच विचारलं,

"तुझ्या रानात किती उगवलं रे?"

"उगवेल की."

"दहाच्या वर दिवस झाले. उकरून बघ."

त्याने आणखी एक लाथ घातली, कपाट फोडलं आणि पिशवी घेऊन गेला. ती नदीत गेली.

शुक्रवारी वरच्या साहेबांचा फोन आला. शिक्क्याची पिशवी शनिवारी दुपारी बारापर्यंत दाखवा, नाहीतर कुलूप काढा. उरलेली एकच पिशवी गोडबोल्याकडे, ती तो कशाला देतोय. बाई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसून राहिली. नवऱ्याने भात कालवून भरवला, तो तिने तसाच गालात धरून ठेवला.

आणि त्याच वेळी रेडा आपल्या रानात गुडघ्यावर बसून माती उकरत होता. एक सरी उकरली, दुसरी उकरली. दाण्याला वरून औषधाचा लाल रंग, दाबलं की आत काळा चिखल. गोडबोल्याने जगाला फसवलं ते फसवलं, पण ज्यांच्या हातात सळई दिली त्यांनाही तेच बी वाटलं. फुकटचं देतानाही चांगलं द्यायला त्याचा हात धजला नाही.

शनिवारी सकाळी रेडा गोदामाशेजारच्या गोडबोल्याच्या ऑफिसात शिरला. गोडबोल्याने त्यालाही बस म्हटलं. रेड्याने सळई घातली ती थेट जबड्यावर, मग गुडघ्यांवर, आणि तो माणूस जमिनीवर घशातून घरघरत असताना टेबलाचा खण उपसला. मालकाच्या वाट्याची पिशवी तिथेच होती. आपल्याच घरातली पिशवी कोण नेणार, म्हणून त्याने ती तशीच टाकली होती.

अकरा वाजता रेडा बाईच्या दारात. पिशवीवर रक्त, पण लाख अभंग. बाईने शिक्का उजेडात धरून नीट बघितला आणि साहेबांना फोन लावला. कुलूप राहिलं.

रेडा पायरीवरच बसून होता. म्हणाला, "बाई, तेवढी माझ्यावरची तक्रार..."

"ती राहणार," बाई म्हणाली. "ड्रायव्हरच्या कानाचीही घालणार आहे. पाणी पिऊन घे, पोलिसांना मीच बोलावलंय."

तो पाणी प्यायला. पळाला नाही.

तपासणीवाल्यांनी त्यातले शंभर दाणे ओल्या फडक्यावर ठेवले. आठवड्याने मोजायला बाई स्वतः गेली. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्याने चिमटा धरला, तो सारखा निसटायचा. घरी येताना ती वाट वाकडी करून पोलीस चौकीवर गेली. गजाआडून रेड्याने नुसतं वर बघितलं.

"नऊ," बाई म्हणाली.