पेवावरचं बिऱ्हाड

सांगली ही संस्थानची राजधानी, आणि हळदीच्या पेठेमुळे तिचा तोरा असा, की दुसऱ्या महायुद्धाच्या त्या वर्षांत आसपासच्या गावांतला जो तो उठून तिथे पोट भरायला येई. राहायला खोली मात्र मिळेना. माझा नवरा अडत्याच्या दुकानात लागलेला, मी कुंडलहून आलेली नवी नवरी. शेवटी हरिपूरच्या वाटेवर एक पत्र्याची खोली मिळाली. मालकाने हळद साठवायच्या पेवांवरच, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यांवर, खोल्या उठवल्या होत्या. आमच्या पेवाचं तोंड दगडमातीने बंद केलेलं आणि त्यावर माझी चूल.

तीन महिन्यांनी सासरे आले. आमचं शहरात राहणं त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "संसार बघतो. न्हाई जमत वाटलं तर घेऊनच जातो, गाडी आणलीया," दारातच त्यांनी सांगून टाकलं. मला परत जायचं नव्हतं. गावी बारा माणसांच्या भाकऱ्या थापून मनगटं गेली होती. इथे दोघांचं केलं की मी मोकळी. कारण काही थोर नाही, पण खरं आहे.

मी भाकरी तव्यावर टाकते तोच मालकाचे हमाल कुदळी घेऊन हजर. हळदीचा भाव चढला होता. पेव आजच उघडायचं! चूल अंगणात गेली, पाठोपाठ तवा, पाठोपाठ मी. आत कोंडलेली विषारी हवा निघून जाईपर्यंत पेवात उतरत नाहीत. त्यामुळे दुपारपर्यंत घराच्या मधोमध भोक आणि आम्ही तिघं लिंबाखाली. संपलं सगळं, म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

मग कंदील खाली सोडला, तो विझला नाही. हळद वर येऊ लागली. सासरे गावी हळदच पिकवणारे, त्यांनी एक हळकुंड मोडून पाहिलं. कीड नाही, ओल नाही. "लय बेस ऱ्हायलीया रं!" म्हणत ते दाभण मागून स्वतःच पोती शिवायला बसले.

संध्याकाळी रिकाम्या पेवाचं तोंड पुन्हा बंद झालं आणि चूल जागेवर आली. मी पदर सावरून, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्यांच्याशी बोलले, "आवं मामा, गाडीत काय काय भरू?"

"काय बी नगं. मालकाशी बोललोय. औंदाची आपली हळद याच पेवात. तोंडावर आपलीच सून बसल्यावर दुसरी राखण कशाला?"

म्हणजे माझा संसार त्यांनी पाहिलाच नव्हता. मला ठेवलं ते पेवाचं झाकण म्हणून. मी तोंड फुगवून बसले. पण झाकण का होईना, सांगलीतलं होतं, आणि त्याचा आनंद काही केल्या लपेना.