आधीच्या गाडीचं वजन

माझ्या नवऱ्यालाही हे माहीत नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही दादाला ओळखत नाही — आणि त्याला ओळखणाऱ्या माणसासमोर माझं तोंडच उघडत नाही.

दादा म्हणजे अनंतदादा, माझा चुलतभाऊ. आमचं गाव उरणच्या बाजूला; शेतांच्या जागी आता कंटेनरची गोदामं झालीत. त्यातल्या एका गोदामाच्या वजनकाट्यावर दादा बसायचा. गाडी काट्यावर चढली की बटण दाबायचं, पावती काढायची, गाडी सोडायची. काम साधं, पण विश्वासाचं. हे मला तेव्हा कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

मी नवी मुंबईतल्या एका छोट्या कंपनीत अशा काट्यांच्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहिते. अगदी तळातलं, कर्नल म्हणजे मशीनच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅममधलं. आमचं पहिलं मशीन दादानेच मालकाकडे शब्द टाकून लावून घेतलं. "माझे बहिनीनं बनवलंय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरला सांगायचा. मला लाज वाटायची — आणि खूप बरंही वाटायचं.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका — की मीच वेळ काढतेय? प्रोसेसर फार वेगवान असतो, मेमरी त्या मानाने संथ. म्हणून एकदा वाचलेल्या आकड्याची प्रत तो हाताशी ठेवतो. तिला कॅश म्हणतात. काट्याकडून येणारं नवं वजन मात्र परस्पर मेमरीत जाऊन बसतं, प्रोसेसरला पत्ताही नसतो. म्हणून वाचण्याआधी त्याला दर वेळी बजावावं लागतं — हातातली जुनी प्रत टाकून दे, मेमरीत जाऊन बघ. एका ओळीचं काम.

ती ओळ मी काढून टाकली होती.

का? स्क्रीन अडखळत होता आणि साहेब मागे लागले होते. ती ओळ मी मुळातच ढोबळ लिहिली होती. एका वजनासाठी सगळीच कॅश पुसायची. काढून पाहिली तर स्क्रीन पळायला लागला. नीट लिहायला अख्खा दिवस गेला असता, आणि मला कंटाळा आला होता. हो, कंटाळा. ऑफिसातल्या काट्यावर तपासलं, तर वजन बरोबर. येणारच! आम्ही दर वेळी तीच लोखंडी वजनं ठेवत होतो. जुना आकडा काय आणि नवा काय, दोन्ही एकच.

गोदामात आत येणाऱ्या रिकाम्या आणि बाहेर जाणाऱ्या भरलेल्या गाड्या एकाच काट्यावर चढतात. मध्ये वेळ गेला की मशीनच्या इतर कामांत जुनी प्रत आपोआप पुसली जायची. पण गाड्यांची रांग लागली की कधीतरी भरलेल्या गाडीच्या पावतीवर तिच्या आधीच्या रिकाम्या गाडीचं वजन छापलं जायचं. म्हणजे कागदावर गाडी रिकामी आणि माल फाटकाबाहेर. मालकाने दादाला चोर ठरवून हाकललं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या ऑफिसखालच्या टपरीवर आला. "बाय, खरं सांग — मशीन चुकतंय का गो?"

तोवर मला काही माहीत नव्हतं. पण तो सांगत होता — आधी रिकामी गाडी, मागोमाग भरलेली — आणि मला माझी ती ओळ लख्ख दिसत होती. मी घाबरले. नोकरी जाण्याला, साहेबांना, आणि सगळ्यात जास्त दादाच्या तोंडावरचा अभिमान जाईल याला.

"मशीन नाही चुकत, दादा," मी म्हणाले.

त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. "मग माझाच हात चुकला असंल."

महिन्याभरात मी ती ओळ नीट लिहून परत घातली आणि सगळ्या मशिनांवर पाठवली. 'किरकोळ सुधारणा' म्हणून. कुणी काही विचारलं नाही. दादाला मात्र पुन्हा कुणी काट्यावर बसवलं नाही. आता तो नागाव गावात एका होमस्टेची बाग सांभाळतो, आणि नारळ मोजायची वेळ आली की दुसऱ्याला हाक मारतो. तुम्हीच सांगा, हे मी केलं नाही तर कुणी केलं?

परवा घरातल्या साखरपुड्याला पंगत बसली होती. एक पाहुणा सहज म्हणाला, मशीनचाच घोळ असणार, अनंताचं नाव फुकट खराब झालं. माझा घास हातातच राहिला. सुटल्यासारखं वाटलं — खरं सांगते, मनापासून वाटलं की आता हा माणूस आणखी बोलू दे.

पण दादाच उसळला. तो वाढत होता. हातातलं भांडं त्याने खाली ठेवलं. "माझे बहिनीचं मशीन हाय. चूक माझी व्हती. परत तिचं नाव घ्यायचं न्हाय."

मग त्याने भांडं उचललं, माझ्यापुढे वाकला आणि माझ्या पानात रस्सा वाढला. मी "बस, दादा" एवढंच म्हणाले, आणि जेवले.