हातभर रुंद फळी

घरच्या शेडमध्ये कडुनिंबाची हातभर रुंद फळी वर्षभर पडून होती. परवडेल अशी रंधा मशीन वीतभरच रुंद मिळायची. दुकानदार म्हणाला, "फळीच मधोमध चिरा ना!" अशा माणसापुढं काय डोकं फोडायचं? शेवटी आष्टीला एका सुताराची जुनी, रुंद मशीन स्वस्तात मिळतेय म्हणून बघायला गेलो. तिच्या लोखंडी टेबलाची कड फुटलेली, वर गंजाचे ओघळ.

"हे कशानं झालं?"

"खंडेनवमीच्या पूजेला दरसाल हितंच नारळ फोडतो. लई श्रद्धा हाय आपली."

किळस आली. मशीनला देव म्हणायचं आणि थेंबभर तेल द्यायचं नाही! तणतणत घरी आलो आणि माझा हातरंधा उचलला. पातं गंजलं होतं. त्यावर गेल्या खंडेनवमीला मीच लावलेलं कुंकू अजून तसंच होतं.