मोठ्या अक्षरांचं यंत्र

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ऑफिसात माझ्या तोंडाला कुलूप नाही म्हणून सगळे चिडवतात, पण एवढी एक गोष्ट घशाशी आली की मी विषय बदलतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आक्काला ओळखत नाही.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला वाढवलं ते तिनंच. पैठणला एकटी राहायची आणि वाचायची. म्हणजे किती? तर पोळी करपायची आणि ही तव्याला दोष द्यायची! मागच्या वर्षी वाचताना तिची ओळ हरवायला लागली, म्हणून मी तिला माझ्याकडे संभाजीनगरला आणलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं.

डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. काचबिंदू, म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब टाकले तर उरलेली टिकेल. भावंडांनीही डोळे तपासून घ्यावेत, असंही म्हणाले. बाहेर बाकावर आक्का पदराचं टोक पिळत बसली होती. आमचे वडील, आबा, असेच आंधळे झाले होते, आणि त्यांना हाताला धरून मोरीपर्यंत नेणारी आक्काच होती. मला बघताच तिनं विचारलं, "आबावाणी तर नाय ना रे?"

काय सांगणार होतो मी? म्हणजे — काय सांगायचं ते माहीत होतं. पण तोंडातून निघालं, "नाही गं. मोतीबिंदू आहे."

"मग पिकला की काढू," ती म्हणाली. रिक्षात तर हसत होती. संध्याकाळी सांगू, असं मी ठरवलं. मग ठरवलं, उद्या.

तोवर वाचनावाचून तिचा जीव कासावीस व्हायला लागला, म्हणून ई-बुक वाचायचं यंत्र घ्यायला मी निराला बाजारात गेलो. दुकानात दोन होती. एकाचा पडदा कागदासारखा — अक्षरं हवी तेवढी मोठी करा. दुसरं मराठी पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणारं. दुकानातल्या मुलीनं सहज विचारलं, "नजर अजून कमी होणारीय का काका? मग बोलणारं घ्या."

बोलणारं घरी नेलं तर आक्का विचारणारच, मला डोळे असताना हे कशाला? त्या एका प्रश्नाला मी घाबरलो. मग वजन किती, बॅटरी किती चालते, पडद्यावर ऊन पडलं तर काय, अशा शंका काढत बसलो, जणू मुलीसाठी स्थळ बघतोय. आणि मोठ्या अक्षरांचं घेऊन आलो.

आक्का हरखली. "लई भारी हाय रे हे," म्हणाली, आणि शेजारणींना दाखवून आली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

काही महिन्यांनी फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीमागं, मी आणून दिलेल्या थेंबांच्या बाटल्या दिसल्या. सील न तोडलेल्या. विचारलं, तर ती म्हणाली, "थेंबानं पिकायचं लांबतंय म्हणं. पिकू दे की लवकर. काढून टाकू अन् मोकळं होऊ."

तिथं तरी सांगायचं ना? एकच शब्द बदलायचा होता. पण मी म्हणालो, "टाकत जा गं, बरं असतं." बस्स, एवढंच. बाटल्या होत्या तिथं ठेवल्या आणि फ्रिज बंद केला. पुन्हा डॉक्टरांकडेही नेलं नाही — ते तिच्यासमोर तो शब्द उच्चारतील म्हणून.

भीती कसली होती? तिचे डोळे जातील याची? तसं असतं तर मी बोललो असतो. भीती होती ती तिच्या तोंडावर तो शब्द म्हणायची, आणि नंतर तिच्यासमोर खोटारडा म्हणून उभं राहायची. माझे स्वतःचे डोळे मी अजून तपासलेले नाहीत. पेपर वाचताना एखादी ओळ हुकली की मी चष्मा पुसत बसतो.

परवा ती गॅलरीत यंत्र घेऊन बसली होती. मला हाक मारली. "अजून जरा मोठी कर रे अक्षरं."

मी पाहिलं. अक्षरं शेवटच्या मापावर होती. पडद्यावर जेमतेम दोन शब्द मावत होते. म्हटलं, "आक्का, याहून मोठी होत नाहीत."

तिनं यंत्राच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग तिचा चेहरा खुलला.

"म्हंजी पिकला म्हणायचा! आता काढायचा ना रे?"

मी मान हलवली. तिला ती दिसली नाही. मग तोंडानं म्हणालो, "हो."