मेण किती घालायचं

मलमवाल्या काकूंना एका जागी बसवणं कुणालाच जमलेलं नाही. काकांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची, बदली झाली म्हणून समुद्रकाठ सोडून त्या या उंचावरच्या गावात आल्या. काका निवृत्त होऊन बसले, तरी काकूंचं वागणं असं, की सामान जणू अजून पुरतं सोडलेलंच नाही. बाटलीत खोबरेल गोठलं की त्या बाटलीवर डाफरायच्या. "खाली हेच तेल पाण्यासारखं वाहतं!" जणू तेलानेच दगा दिला. खाली समुद्र दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवतो. इथे ऊन कलंडलं की ओट्याची फरशीसुद्धा हाताला चावते. त्यात दोष कुणाचा? पण काकूंना कुणाचा तरी दोष लागतोच.

भेगाळलेल्या टाचांवर त्यांचं मलम मात्र इथे घरोघरी चालतं. तेल तापवायचं, त्यात मधमाशांचं मेण विरघळवायचं, डब्या भरायच्या आणि निवल्यावर अंगठा दाबायचा. अंगठा रुतला पण बुडाला नाही, म्हणजे जमलं.

यंदा खालच्या एका औषधवाल्याने नमुना मागवला. शब्द टाकला होता धाकट्या बहिणीने. त्याने माल घेतला तर बहिणीच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड हलवायचं आणि तिथेच मलम करायचं, हे काकूंनी ठरवूनही टाकलं. काकांना काय, सांगता येईल नंतर!

डब्या बसने गेल्या, आणि पोचताच बहिणीचा फोन आला.

"ताई, मलम पाठवलंस की तेल? पिशवी ठिबकतेय!"

"अगं, अंगठा लावून पाहिलाय मी!"

"तुझा अंगठा थंडीतला! इथे मी पंख्याखाली बसून वितळतेय, तिथे तुझ्या मलमाचं काय? तो म्हणतो, अजून एकदा बघेन, मग नाही. जन्मलीस इथे आणि इथली हवा विसरलीस?"

हे शेवटचं झोंबलं. काकूंनी लगेच मेण वाढवून नवा घाणा घातला. पण पारख करायची कशी? या गारठ्यात काहीही घट्टच बसतं. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि दोन्ही शेगड्यांवर पाण्याची पातेली चढवली. समुद्राकाठचा उकाडा ओला असतो, नुसती आच काय कामाची?

काका डोकावले, तशा काकू ओरडल्या, "अहो, दार लावा, हवा जातेय!"

"कसली हवा?"

"समुद्राची!"

काका आत आले. आधी स्वेटर उतरला, मग शर्ट. भिंतींवरून पाणी ओघळायला लागलं.

"खारा वारा कधी सोडतेस?"

"गप्प बसा. डबी बघू द्या."

डबी मजेत होती. काकूंचंच डोकं गरगरत होतं, घाम डोळ्यांत उतरत होता, श्वास अर्ध्यावर अडत होता. कसाबसा अंगठा दाबला. रुतला, बुडाला नाही. जमलं! पण ते सांगायलाही त्या थांबल्या नाहीत. शेगड्या बंद केल्या, टॉवेल लाथेने उडवला आणि थेट अंगण गाठलं.

काका मागोमाग बनियनवरच, कुडकुडत. "आत चल, गारठशील."

"थांबा हो. आत्ता कुठे जिवात जीव आला," काकू म्हणाल्या, आणि स्वतःच दचकल्या.

नवा नमुना औषधवाल्याने घेतला. बहिणीला आनंद मावेना. "वरच्या खोल्या झाडून ठेवल्यात. कधी येताय?"

फोन कानाला लावून काकू घरभर फिरत होत्या. "इथे डब्या लवकर निवतात गं. मेणही ताजं मिळतं."

"ताई, मेणाचं नाही विचारलं."

"डब्या बसने येत राहतील."

"आणि तू?"

"मी येईन ना. हिवाळ्यात."

"इथे हिवाळा असतो कुठे?"

"मग जरा कमी उकडेल तेव्हा!" म्हणत काकूंनी फोन ठेवला. खिडकी सताड उघडली. लगेच गार वाटलं म्हणून लावली. पुन्हा उघडली.